दुधाचे दात

मुलीनं पेन्सिल मुठीत धरली होती. मी कागदावर शंकरपाळीचा आकार काढून तिच्यापुढं सरकवला आणि म्हटलं, "अशीच एक तू काढ बघू." तिनं माझ्या आकाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मोठ्या विश्वासानं एक गोल काढला. आणखी एकदा काढ म्हटल्यावर गोलाला दोन कान फुटले. तिसऱ्यांदा तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीबाहेर कुंपणाला तोंड लावणाऱ्या शेळीकडं बघत बसली. तक्त्यावर सात वर्षांच्या रकान्यात मी आणखी एक उणे खूण केली.

ही डिसेंबर १९८६ची गोष्ट. मी कोल्हापुरात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय होता बालमानसशास्त्र. तो घेऊन पुढं काय करणार, हे घरात कुणालाच कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट कळलेलं नव्हतं. वडील एका हायस्कूलमध्ये हेडक्लार्क होते. बी.एड. करावं आणि गुमान नोकरीला लागावं, एवढं त्यांचं म्हणणं. आत्याला वाटायचं, मी वेड्यांच्या इस्पितळात जाणार. पोरांशी खेळायला एवढं शिकावं लागतं का, असं ती येईल त्या पाहुण्याला विचारायची. आठवड्यातले चार दिवस मी एका बाल मार्गदर्शन केंद्रात प्रात्यक्षिकासाठी जायची. वर्षाअखेर वीस मुलांचे तपासणी अहवाल सादर करायचे असत. शंकरपाळीऐवजी गोल काढणारी मायाक्का विठू हजारे ही माझी अकरावी मुलगी.

केंद्र चालवायच्या डॉ. कुमुद तेंडोलकर. पन्नाशीच्या, उंच, खादीच्या साड्या नेसणाऱ्या. आम्हा विद्यार्थिनींना त्या आडनावानंच हाक मारायच्या आणि कौतुक फारसं करायच्या नाहीत. माझे अहवाल नीटनेटके असतात, एवढं एकदा म्हणाल्या होत्या, त्यावर मी महिनाभर खूश होते.

मायाक्काला घेऊन आले होते तिच्या वाडीच्या शाळेतले खोत गुरुजी. सोबत तिची आई बनाबाई. मंडळी धनगर. बाप वर्षातले आठ महिने बकऱ्यांच्या कळपामागं रानोमाळ, आई आता घर आणि दोन पोरं धरून वाडीत राहिलेली. गुरुजींनी आल्या आल्या सगळं सांगितलं. मुलगी दुसरीत आहे, पण अक्षर ओळखत नाही. दहाच्या पुढं आकडे येत नाहीत. दुपारी पाटीवर डोकं ठेवून झोपते. वर्गातली मुलं तिला खुळी म्हणतात. गुरुजींनी तिला मारून पाहिलं होतं, तेही त्यांनी लपवलं नाही. मग त्यांना कुणीतरी सांगितलं की शेजारच्या जिल्ह्यात मतिमंद मुलांची एक निवासी शाळा आहे, चांगली आहे, तिथं मुलांना हाताचं काम शिकवतात. गुरुजींनी स्वतः पत्रं घातली, एक जागा रिकामी आहे असं कळलं, ती शुक्रवारपर्यंत राखून ठेवायला लावली. त्या शाळेची अट एवढीच होती की मुलाचा बुद्ध्यंक सत्तरच्या आत असल्याचा सहीशिक्क्याचा अहवाल हवा.

आजही मला वाटतं, एवढं पोटतिडकीनं करणारा मास्तर मी क्वचितच पाहिला.

बनाबाई यातलं काहीच बोलली नाही. ती भिंतीला टेकून, पदर डोक्यावरून ओढून बसली होती. मी तिला दोनचार प्रश्न विचारले. बाळंतपण कसं झालं, मुलगी चालायला कधी लागली, झटके येतात का. तिनं जेवढ्यास तेवढी उत्तरं दिली. जन्मतारीख मी तिला विचारली नाही. गुरुजींनी शाळेचा दाखला दिला होता, त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, एक जून एकोणीसशे एकोणऐंशी. सरकारी कागद समोर असताना अडाणी बाईला काय विचारायचं, असं माझ्या मनात आलं असणार.

त्या काळी आम्ही वापरायचो त्या चाचणीचा हिशेब सोपा होता. मूल कितव्या वर्षाच्या प्रश्नांपर्यंत पोहोचतं त्यावरून त्याचं मानसिक वय काढायचं, त्याला खऱ्या वयानं भागायचं आणि शंभरनं गुणायचं. मायाक्काचं मानसिक वय आलं बासष्ट महिने. दाखल्याप्रमाणं तिला नव्वद महिने झाले होते. बुद्ध्यंक एकोणसत्तर. सत्तरच्या आत, एकानं.

रात्री घरी बसून मी तिचा अहवाल सुवाच्य अक्षरात लिहून काढला. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, अकराच्या सुमारास मॅडमनी तो वाचला, दाखल्याशी ताडून पाहिला आणि सही केली. गुरुजी परगावच्या गाडीची वेळ विचारायला स्टँडवर गेले. दोनची गाडी मिळाली तर संध्याकाळपर्यंत मुलीला शाळेत पोहोचवून रात्रीच परत फिरता येईल, असा त्यांचा बेत होता. अहवाल पाकिटात घालून त्यावर पत्ता लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी पाकीट घेऊन बाहेर व्हरांड्यात आले.

मायाक्का पायरीवर बसून उसाचं कांडं खात होती. हंगाम चालू होता, रस्त्यानं उसाच्या गाड्या जात होत्या, त्यातलंच कुणीतरी दिलं असावं. पुढच्या दातांत साल धरायची, मान वाकडी करून सर्रकन ओढायची आणि लांबलचक पट्टी थुंकून द्यायची. मला गंमत वाटली. आमच्या घरी थोरल्या दादाचा मुलगा सात वर्षांचा होता. त्या हिवाळ्यात त्याला ऊस सोलून बारीक करवे करून द्यावा लागायचा, कारण त्याचे पुढचे चार दात पडलेले आणि दोन नवे फावड्यासारखे अर्धवट आलेले. हिच्या तोंडात मात्र बारीक, एकसारखी, तांदळासारखी पांढरी ओळ होती. एकही दात गेलेला नव्हता. एकही नवा आला नव्हता.

कुणाचे दात लवकर पडतात, कुणाचे उशिरा, हे मला माहीत होतं. तरी मी तिच्या शेजारी बसले आणि बनाबाईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, हिचे दात अजून हलायला लागले नाहीत?"

"न्हाई अजून," बनाबाई म्हणाली. "थोरल्याचं सातव्या वर्साला पडलं. हिचं बी पडतील तवा."

"तवा म्हणजे? हिला किती वर्षं झाली?"

"आम्हास्नी काय कळतंय बाई वर्साचं." मग आठवून म्हणाली, "दिवसा अंधार पडला न्हाई का, गिराणाचा? तवा ही पोटात हुती. तिसरा लागला हुता. आम्ही बकरी घिऊन तिकडं कर्नाटकात हुतो. सासूनं मला घोंगड्यावर सरळ निजवून ठेवलं, अंग म्हणून हलवू दिलं न्हाई. सूर्य निगाला तवा उठले. आन् मग गौरी बसल्या तवा ही झाली."

ते ग्रहण मलाही आठवत होतं. न आठवून कसं चालेल? माझी दहावीची परीक्षा तोंडावर आली होती, शाळेला सुट्टी दिली होती आणि भर दुपारी रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे ओस पडले होते. आईनं घराच्या दारंखिडक्या लावून घेतल्या होत्या. फेब्रुवारी १९८०. गौरी बसल्या म्हणजे त्याच वर्षीचा सप्टेंबर.

मी पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. नव्वद नव्हे, पंचाहत्तर महिने. बासष्ट भागिले पंचाहत्तर. दोनदा करून पाहिलं. त्र्याऐंशी आले.

मायाक्का सव्वासहा वर्षांची होती. पावणेपाचाव्या वर्षी तिला पहिलीत बसवलं होतं आणि गेल्या जूनपासून ती सात वर्षांच्या मुलांबरोबर दुसरी करत होती. शंकरपाळी सातव्या वर्षी जमते. दुपारी पाटीवर डोकं ठेवून झोपणारी मुलगी मंद नव्हती, लहान होती.

खरं सांगते, त्या क्षणी मला पहिली भीती मुलीची वाटली नाही. माझी वाटली. वय आईला विचारून खात्री करून घ्या, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मॅडमची सही होऊन गेली होती. मी गप्प राहिले असते तर कुणी मला दोष दिला नसता. दाखला माझ्या बाजूनं होता. वडिलांनी घरी आणून ठेवलेला बी.एड.चा फॉर्मही डोळ्यांपुढं आला. हे आपलं काम नव्हेच, असं वाटलं. किती वेळ मी तशी बसले होते कोण जाणे. मायाक्कानं मला कोपरानं ढोसलं आणि उरलेलं अर्धं कांडं माझ्यापुढं धरलं. तिला वाटलं, मी ऊस मिळाला नाही म्हणून तोंड पाडून बसलेय.

मी उठले आणि आत गेले.

मॅडमना मी सगळं सांगितलं. दात, ग्रहण, गौरी, पाकिटावरचा हिशेब. मी आईला वय विचारलंच नव्हतं, हेही सांगितलं. त्यांनी मला मधेच थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर अहवाल पाकिटातून बाहेर काढला आणि स्वतःच्या सहीकडं बघत राहिल्या.

"दाखला मीही पाहिला होता, मगदूम," त्या म्हणाल्या. "एक जून ही तारीख बघून मला थांबायला हवं होतं. वीस वर्षं हेच करतेय मी."

मग त्यांनी मला अडचण समजावून दिली. मानसिक वय बरोबर असलं तरी खऱ्या वयाला आधार हवा. उद्या गुरुजी हाच दाखला घेऊन दुसऱ्या कुणाकडं गेले, तर तिथंही एकोणसत्तरच येतील. आईचं ग्रहण दाखल्यापुढं टिकायचं नाही. तारीख ज्यानं लिहिली त्यानं बोललं पाहिजे.

गुरुजी साडेबाराला परत आले. दोनच्या गाडीत जागा मिळेल असं कंडक्टरनं सांगितलं होतं, त्यामुळं ते समाधानात होते. मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "गुरुजी, तुमच्या शाळेत एक जूनला किती मुलं जन्मली?"

गुरुजींच्या हातातला पेला तसाच राहिला. ते काही चिडले नाहीत. दाखला सरकारी आहे, एवढं एकदा म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. मग म्हणाले, "निम्म्याहून जास्त."

मग त्यांनी जमिनीकडं बघत सांगितलं. त्या वर्षी शाळेचा पट दोनानं कमी भरत होता. पट भरला नसता तर दुसऱ्या शिक्षकाचं पद गेलं असतं आणि चार इयत्तांना ते एकटे उरले असते. म्हणून ते जूनमध्ये घरोघर फिरले. बनाबाईच्या दारात ही पोर खेळत होती. आई म्हणाली, ल्हान हाय ओ. ते म्हणाले, असू दे, नुसती बसेल. सहा पूर्ण दाखवायची म्हणून एक जून एकोणऐंशी लिहिलं. दुसऱ्या घरातलंही असंच एक मूल घेतलं होतं, पण त्याचा बाप ते घेऊन ऊसतोडीला गेला.

"मीच लिहिलं," गुरुजी म्हणाले. "आणि दीड वर्ष रोज हजेरी घेता घेता मलाच ते खरं वाटायला लागलं. हिला येत नाही, हिला येत नाही, एवढंच बघत राहिलो मी."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण तोंड पुसलं नाही, तो नुसता हातात धरून बसले. मग हळू आवाजात विचारलं की हे साहेबांपर्यंत जाईल का. नोकरीला अजून नऊ वर्षं बाकी होती.

मॅडम म्हणाल्या, "शाळेच्या रजिस्टरचं काय करायचं ते तुम्ही आणि तुमचं मन बघा. मला त्याच्याशी काही करायचं नाही. मला या मुलीचं वय हवंय, तुमच्या हातानं लिहिलेलं, माझ्या फायलीसाठी."

मी कागद आणि पेन त्यांच्यापुढं ठेवलं. माझ्या मनात धाकधूक होती. एवढा सरळ माणूस, पण नोकरीचा प्रश्न आला की सरळ माणसंही उठून जातात. गुरुजींनी कागद सरळ केला, समास सोडला, शाळेत फळ्यावर लिहितात तसं वर तारीख घातली आणि लिहायला सुरुवात केली. चार ओळी लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली. सही करून त्यांनी कागद मॅडमकडं न देता माझ्याकडं दिला.

मॅडमनी जुना अहवाल फाडला. माझ्याकडून नवा लिहून घेतला, तिथंच, त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. शिफारस त्यांनी स्वतः सांगितली. मुलीस पहिलीत पुन्हा बसवावे. सहा महिन्यांनी फेरतपासणी करावी. मारू नये. शेवटच्या वाक्याला त्यांनी गुरुजींकडं पाहिलं नाही, पण गुरुजींनी मान हलवली.

बनाबाईला सांगायचं काम माझ्यावर आलं. ती अजून त्याच भिंतीशी बसली होती. शेजारी कपड्यांचं गाठोडं बांधून तयार होतं आणि मायाक्का त्याच्यावर डोकं टेकून पेंगत होती. मी खाली बसले. बुद्ध्यंक, मानसिक वय, त्र्याऐंशी, यातलं काय सांगावं कळेना. शेवटी म्हटलं, "वहिनी, हिला कुठं न्यायची नाही. घरी घेऊन जायची. ती खुळी नाही, वयानं लहान आहे, म्हणून तिला वर्गात जमत नव्हतं."

तिला पटकन समजलं नाही. "न्हाई म्हंजे? आज न्हाई?"

"आज नाही, उद्याही नाही."

बनाबाईनं माझ्या मागं उभ्या असलेल्या गुरुजींकडं पाहिलं. त्यांनी हात जोडले. एका शिकलेल्या, पांढऱ्या टोपीतल्या माणसानं धनगराच्या बाईला भर व्हरांड्यात हात जोडलेले मी तोवर कधी पाहिले नव्हते. तिला ते बघवेना, तिनं मान फिरवली. मग पोरीचं डोकं गाठोड्यावरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि इतका वेळ कोंडून धरलेलं एकदम बाहेर आलं. ती रडली, पण आवाज न करता, पोर उठेल म्हणून.

"ल्हानच हाय की वो ती," ती म्हणत होती. "म्या तवाच म्हणलं हुतं गुरुजींस्नी. ल्हान हाय म्हणलं हुतं."

दोनची गाडी गेली. ती तिघं चारच्या गाडीनं वाडीला परतली. गुरुजींनी गाठोडं स्वतः उचललं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मला एवढी भूक लागली होती की आत्याला संशय आला, मी दिवसभर काही खाल्लंय की नाही. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. वडिलांनी जेवताना फॉर्मचं विचारलं. मी म्हटलं, नाही भरणार. कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, पण त्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, आमटीचा वाडगा माझ्याकडं सरकवला.

आज मला या कामात अडतीस वर्षं झाली. पुष्कळ मुलं पाहिली. काहींच्या बाबतीत माझा अंदाज चुकला आणि ते मला वेळेवर कळलंही नाही. ती मला झोपू देत नाहीत. मायाक्का मात्र त्यांतली नाही.

फेरतपासणीला मॅडमनी मला जूनमध्ये वाडीला पाठवलं. शाळा म्हणजे एकच लांब खोली, मधे फळा ठेवून तिचे दोन भाग केलेले. मायाक्काला शोधायला लागलं नाही. पहिलीच्या रांगेत मधोमध बसून ती शेजारच्या मुलीची पाटी पुसून तिला नवं काहीतरी काढून दाखवत होती आणि तोंडाची टकळी चालू होती. माझी चाचणी झाली. शंकरपाळी अजून नीट जमली नाही, एक कोपरा गोलच राहिला, पण आकडा नव्वदीच्या जवळ गेला.

निघताना खोत गुरुजी माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले. रजिस्टरमधली तारीख दुरुस्त करायचा अर्ज त्यांनी तालुक्याला दिला होता. एका मुलीचा नव्हे, सात मुलांचा. साहेबांनी बोलावून झापलं, एक वेतनवाढ रोखली, पण पुढं काही केलं नाही, असं ते साधेपणानं म्हणाले. मग जरा घुटमळले.

"बाई, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "हिच्या बोलण्यावर काही उपाय आहे का? सकाळी सुरू होते ती शाळा सुटेपर्यंत. मला शिकवू देत नाही."

मी म्हटलं, "नाही गुरुजी. त्यावर आमच्या शास्त्रात काही नाही."

"मग असू दे," ते म्हणाले आणि घाईघाईनं वर्गाकडं वळले, कारण मागून तिचा आवाज यायला लागला होता.